न विचारलेलं बंदर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. धंद्यानं तो तसा झाला. पनवेलला जुन्या हायवेच्या कडेला माझं ताडपत्री शिवायचं दुकान होतं, आणि फाटकी ताडपत्री घेऊन आलेला एकही ट्रकवाला माझ्याशी खरं बोललेला मला आठवत नाही. सगळ्यांची ताडपत्री "चालता चालता" फाटलेली असायची. मी फाटलेली कड दोन बोटांत धरायचो आणि कळायचं, ही खिळ्याला अडकलीय, ही उंदरानं खाल्लीय, आणि ही ब्लेडनं कापून कुणीतरी आतला माल काढलाय. बोलायचो काही नाही. शिवून द्यायचो. पण सवय लागली ती लागलीच. घरात कुणी जास्त गोड बोललं तरी मी त्याची कड चाचपून बघायचो.

त्यामुळे बायचा फोन आला तेव्हा तिनं योग्य माणसाला फोन केला होता.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही पनवेलच्या कोळीवाड्यातले. आमची खाडी गाळानं भरली, वडलांनी होडी मोडीत काढून शिलाई मशीन घेतलं, आणि मी जातीचा कोळी असून मला समुद्र बाजारातल्या गिऱ्हाइकाइतकाच ठाऊक. शाळेच्या सहलीला घारापुरीच्या लाँचमध्ये मी गुरुजींच्या धोतरावर ओकलो होतो, ती माझी शेवटची जलयात्रा. बाय मात्र करंजाला दिली, अस्सल दर्यावर्दी घरात. तिचा नवरा तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचा म्होरक्या. पंचवीसेक वर्षं त्यांनी बोट चालवली. मग मासळी आटली, बोट विकली, आणि मी सांगतोय त्या सुमाराला, म्हणजे दोन हजार बारा-तेराच्या आसपास, भावजी द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डाच्या फाटकावर वॉचमन होते.

"तुजे भावजी भांडत नाय आता," बाय फोनवर म्हणाली.

"मंग बरा हाय ना."

"बरा काय? न भांडनारा नवरा तू कुटं बघितलास काय? कोलंबीत मी कोकम टाकाला इसरले, तं गुमान जेवले. पयले असते तं ताट भिंतीवर गेला असता. मोरीचा नल कवापासून गलत व्हता, त्यो बसवला. पत्र्याची भोकं बुजवली. दाराच्या बिजागरीला तेल घातला. मी सांगितला नाय, कुनी सांगितला नाय. नि ड्यूटी सुटली का त्या बोटीवर जाऊन बसतान, एकटेच हसतान."

"त्या बोटीवर" म्हणजे करंजा बंदराच्या कडेला पडून राहिलेल्या एका पांढऱ्या शिडाच्या बोटीवर. मुंबईच्या कुणा साहेबाची हौस होती. हौस फिटल्यावर साहेब ती तिथंच टाकून गेला. बंदरातल्या लोकांना ती वाटेतून हलवायची होती, भावजी म्हणाले मी हलवतो, आणि फुकटात बोटीचे मालक झाले. डागडुजी केली, तळ खरवडला, छोटं इंजिन होतं ते चालू केलं. गावात सगळे म्हणत, पन्नाशीत याला चळ लागलाय.

"दुसरी कोन तरी हाय," बाय म्हणाली. "माजा संसार मोडला तं मी कुटं जाव? पनवेलला? तुज्या बायकोच्या हाताखाली?"

माझी बायको तेव्हा शेजारीच भाजी निवडत होती, म्हणून मी "तसा काय नाय होनार" एवढंच म्हटलं. पण माझ्या मनात खूण पटली होती. घर आवरणारा माणूस निघायच्या बेतात असतो. कुठंतरी पाणी मुरत होतं.

पुढच्याच आठवड्यात भावजी स्वतः माझ्या दुकानात उभे. टेम्पोत त्या बोटीचं शीड. पिवळं पडलेलं, शिवणी उसवलेल्या, एका कोपऱ्याला बुरशी.

"होईल काय रं?"

मी कापड उन्हात धरलं. धागा वारला होता, पण कापडात अजून जीव होता. "होईल की. दुपदरी शिवन मारतू. गोव्यापरयंत काय होनार नाय, असा करून देतू."

"कर," भावजी म्हणाले.

हे संभाषण मी पुढं शंभर वेळा मनात उगाळलं. कारण गोवा हा शब्द त्या दिवशी मी उच्चारला होता. मी बायला सांगितलं, भावजी गोव्याला चाललेत. बायनं शेजारणीला सांगितलं. आठ दिवसांत सगळ्या करंजाला ठाऊक झालं की बोट गोव्याला जाणार, तिथं पर्यटकांना भाड्यानं देणार. भावजींना कुणी विचारलंच नाही. आणि विचारणार तरी कसं? निघणाऱ्या माणसाला "कुठं" म्हणून विचारायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ते घरातल्या माणसाचं. बोट निघत असली तर विचारायलाच नको. बोटीला कुणी मागून हाकसुद्धा मारत नाही. कुठं म्हटलं की त्या कामाचा विचका झालाच. तांडेल दर्यात गेल्यावर सांगेल तेव्हा सांगेल. घरच्या बाईनं फक्त डबा भरून द्यायचा.

त्यामुळे बायची अडचण अशी, की नवरा चाललाय आणि त्याला विचारता येत नाही. तिनं त्यावर तोड काढली. मी सोबत जायचं. वाटेत शीड फाटलं तर शिवायला माणूस नको का?

"नि त्याला मागारी आन," ती म्हणाली. "जो काय हाय तो हाय, पन मागारी आन."

मी भावजींना म्हटलं, मलाही यायचंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "चल की."

इतक्या सहज हो म्हणाले, याचाही मला संशय आला.

गणपती बोळवून झाले होते, पण वारं अजून बसलेलं नव्हतं. आम्ही पहाटे ओहोटीबरोबर निघालो. भावजींनी नारळ वाहिला, हात जोडले. बाय जेटीवर उभी होती. ती हात हलवत नव्हती, नुसती माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, परीक्षेला बसलेल्या पोराकडे आई बघते तशी. माझ्याजवळ मेण लावलेला दोरा, तीन दाभणं, तळहाताला बांधायची चामड्याची पट्टी, आल्याचे तुकडे आणि लिंबं. आणि धास्ती. ती समुद्राची जास्त की भावजींची, हे सांगता आलं नसतं.

खाडीच्या तोंडापर्यंत मी खुशीत होतो. शीड चढलं, माझी शिवण ताणली गेली आणि टाका न् टाका जागेवर राहिला, तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. मग खाडी संपली. पुढं जे होतं त्याला मी आजवर लांबून समुद्र म्हणत आलो होतो. बोट एका अंगावर झुकली ती झुकलीच. ती आता उलटणार अशी माझी खात्री होती, आणि भावजी बिडी पेटवायच्या खटपटीत होते. लाट नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, फुटली की थंडगार पाण्याची बादली तोंडावर मारल्यासारखं व्हायचं. मी आलं चघळलं, लिंबू चोखलं, आणि मग आलं, लिंबू आणि बायनं प्रेमानं दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या असं सगळं समुद्राला देऊन टाकलं.

"वाऱ्याच्या बाजूला ओकू नको, जल्ला," भावजी म्हणाले. "माज्या अंगावर येतंय."

पण हेरगिरीला पोट रिकामं असलेलं बरंच. ओकून झाल्यावर मी डोळे उघडे ठेवले आणि मोजदाद सुरू केली.

पहिली गोष्ट म्हणजे फोन. माझा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गळ्यात होता, बायला मधून मधून मिस्ड कॉल द्यायचा ठराव होता. भावजींचा फोन कुठं दिसेना. विचारलं तर म्हणाले, घरी राहिला. चार्जिंगला लावला नि राहिला. हा माणूस मोरीच्या नळापासून बिजागरीपर्यंत काही विसरत नाही आणि फोन विसरतो?

दुसरी, पाणी. खालच्या खोलीत पाण्याचे कॅन दाटीवाटीनं बांधून ठेवलेले. सुके बोंबील, जवळा, तांदूळ, कांदे. दोघा माणसांनी गोव्याला जाऊन तिथं लग्न लावून यावं इतका शिधा होता.

तिसरी, नाळेच्या पोटात, दोरखंडांच्या खाली, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक गाठोडं. मी सुकी जागा शोधत तिकडं सरपटलो तर भावजी वरून ओरडले, "तिकडं काय काम? इकडं ये." सकाळपासून त्यांनी आवाज चढवल्याची ती पहिलीच वेळ.

आणि चौथी गोष्ट सगळ्यांत वाईट. खांदेरीचं बेट डावीकडे आलं, मागं पडलं. मी निघण्याआधी दुकानात बसून नकाशा पाठ केला होता. खांदेरी गेलं की डावीकडे वळायचं आणि किनारा डाव्या हाताला ठेवून सरळ खाली जायचं, अलिबाग, मुरूड, हरणै. आम्ही वळलो नाही. वारा वायव्येचा होता. गोव्याला जायचं तर तो पाठीशी घेऊन आरामात जाता आलं असतं. आम्ही मात्र वाऱ्याला खांदा देत, आपटत, दणके खात बाहेर चाललो होतो. बंदरात शिरायची वाट बघत नांगरलेली मोठाली जहाजं ओलांडली. एका जहाजाच्या कठड्यावरून कुणीतरी आमच्याकडे बघून हात केला. हा माणूस आपल्याला शेवटचं बघतोय असं मला वाटलं.

मागं द्रोणागिरीचा डोंगर होता तोपर्यंत मी मान वळवून वळवून त्याला धरून होतो. मग पावसाची एक सर आली, गेली, आणि सर गेल्यावर डोंगर नव्हता. चारी बाजूंना पाणी. फोन काढून बघितला, रेंज नाही.

आता माझ्या डोक्यात काय काय आलं असेल! ओमानला पळून चाललेत. नाही तर गुजरातला कुणी बाई आहे, वेरावळच्या मासळीबाजारातली, जुन्या दिवसांतली. नाही तर कुठल्या बोटीशी दर्यात गाठ पडणार, काही माल घेणार, आणि त्या गाठोड्यात तेच काहीतरी आहे. मग सगळ्यांत घाण विचार आला, की मला का आणलं? मी नको होतो तर नाही म्हणायचं. हो का म्हणाले? मी भावजींच्या हातांकडे बघितलं. जाळी ओढून ओढून झालेले जाडजूड हात. ज्या माणसाच्या मांडीवर माझी पोरं खेळली त्याच्या हाताकडे मी तसं बघितलं, एवढा मी घाबरलो होतो.

"भावजी, किनारा दिसत नाय," मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं.

"नाय दिसत," ते म्हणाले. आणि हसले. बाय म्हणाली होती तसंच, एकटेच.

दुपारी त्यांनी सुकाणू माझ्या हातात दिलं, असंच धर म्हणाले, आणि मागच्या बाजूला लघवीला गेले. तेवढ्यात मला काही करता आलं नसतं. पण नंतर ते सुकाणू धरून बसल्या जागीच जरा पेंगायला लागले, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्तानं खाली उतरलो आणि नाळेकडं सरपटलो. दोरखंड बाजूला केले. गाठोड्याची गाठ तांडेलाची, सुटता सुटेना. दाभणानं सोडवली. आत नवी साडी असणार, नाही तर दागिने असणार, अशी मी मनाची तयारी केली होती.

आत वॉचमनचा युनिफॉर्म होता. निळा शर्ट, निळी पँट, टोपी, पट्टा, शिट्टी. स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला, शर्टाच्या बाह्यांना धार.

मी तो हातात घेऊन बसलो आणि मला काही म्हणता काही उमगेना. बाईकडे जाणारा माणूस वॉचमनचा युनिफॉर्म कशाला नेईल? दुसरीकडे नोकरी धरली असेल? मग दुसऱ्या यार्डाचा युनिफॉर्म वेगळा नसतो का? निर्दोष वस्तू सापडली की संशयी माणसाचा जीव शांत होतो असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. मला त्या इस्त्रीचीच भीती वाटायला लागली.

तेवढ्यात वरून फाडकन आवाज झाला, बंदुकीचा बार काढल्यासारखा. मी ओळखला. कापड फाटल्याचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखतो.

वर आलो तर शिडाला उभी चीर गेलेली, माणूस आरपार जाईल एवढी, आणि दोन्ही तुकडे वेड्यासारखे फडफडतायत. वाऱ्याचा एक जोराचा झोत आला होता, पाठोपाठ पाऊस. भावजींनी दोर सोडले, आम्ही दोघांनी मिळून ते ओलं ओझं खाली ओढलं. शीड गेलं तशी बोटीची चालच गेली. ती लाटांना आडवी झाली आणि इकडून तिकडे अशी लोळायला लागली की धरल्याशिवाय बसता येईना. एक लाट पार आतपर्यंत आली, गुडघाभर पाणी झालं. भावजींनी इंजिन चालू करायला बघितलं. ते दोनदा खोकलं आणि गप्प बसलं.

मी पहिलं काम केलं ते फाटलेली कड चाचपायचं. माझी शिवण धडधाकट होती. शेजारचं जुनं कापड गेलं होतं. ते मी भावजींना मोठ्यानं सांगितलं. तशा अवस्थेतसुद्धा ते सांगणं मला गरजेचं वाटलं.

"हाय, तुजी शिवन चांगली हाय," ते पाणी उपसत ओरडले. "आता शिव."

मी चामड्याची पट्टी तळहाताला बांधली. दाभणात दोरा ओवला. शिडाचा तुकडा मांडीवर घेतला. आणि मग मला ते सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा रागच आला. सकाळपासून साठत आलेला, बायच्या त्या फोनपासून साठत आलेला राग. मी दाभण कापडात खुपसलं आणि तसंच ठेवलं.

"भावजी, आपुन कुटं चाललाव?"

शेवटी मी विचारलंच. भर दर्यात, तांडेलाला, हा प्रश्न. भावजींचा पाणी उपसायचा डबा हातातल्या हातात थांबला.

"काय बोललास?"

"कुटं चाललाव, ता सांगा. गोव्याची वाट ही नाय. तुमी सांगल्याबिगार मी टाका घालनार नाय."

"याड लागला काय तुना? बोट आडवी हाय. बुडू दोघं."

"बुडू द्या. बायला काय सांगू मी? तिनं मना धाडलाय. मागारी आन, बोललीय. कोन हाय ती? वेरावळची हाय काय?"

भावजी माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. तोंडात लाटेचं पाणी गेलं, ठसका लागला, तरी हसतच होते.

"तिनं धाडलाय ता मना म्हाईत हाय. लाँचीत वकनारा मानूस आपल्या पायानं माज्या बोटीत चढतो, मना काय समाजत नाय?" त्यांनी डोळे पुसले. "या वयात बाई कुठली आनू? अरं, बाई ठेवाला बी उमेद लागते."

"मंग कुटं?"

"कुटंच नाय." आता ते हसत नव्हते. "जमीन दिसनार नाय तिथवर जावाचा, येवढाच ठरवला व्हता. फुडं काय ठरवला नाय."

"नि मंग?"

"मंग बघाचा व्हता, मागारी जावासा वाटतं का नाय."

बोट एका बाजूला कलली, खालचे कॅन एकमेकांवर आपटले. त्या पाण्याच्या कॅनांचा अर्थ मला तेव्हा लागला, ते मागं न फिरता पुढंच जात राहण्यासाठी होते. मी म्हटलं, "युनिफॉर्म कशाला आनला?"

त्यांनी मी तो उघडल्याबद्दल शिव्या घातल्या नाहीत. "बुडवाला. हितं आल्यावर टाकनार व्हतो पान्यात. दोनदा हात लावला. पन तिनं इस्त्री केलीय रं. कोलशाची इस्त्री हाय आमची, हात भाजून घेतला तिनं."

मी मांडीवरचं शीड घट्ट धरून ठेवलं.

"तुज्या बायनं लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला दिल्या," भावजी म्हणाले. आमच्यात ती रीतच आहे, उजवा हात मोकळा ठेवायचा, त्या हाताच्या बांगड्या समुद्राच्या, त्यानं नवरा सांभाळायचा. "त्यानं सांभालला. येवढी वर्सं सांभालला, कसल्या कसल्या तुफानात सांभालला. आता मी फाटकावर बसतो. गाडी आली, दांडा वर. गाडी गेली, दांडा खाली. तिथं मना कोन सांभालतो, सांग."

"मंग बायला सांगाचा ना हा."

"काय सांगू? तू चांगली हायस, जेवन चांगला करतेस, घर चांगला हाय, नि मना घरी यावासा वाटत नाय? असा बायकोला सांगतान?" त्यांनी डबा पुन्हा पाण्यात बुचकळला. "शिव आता. समाजला ना तुना सगला. शिव."

मी शिवलं. इतके वाकडे टाके मी शिकाऊ असतानाही घातले नव्हते. बोट हलायची, दाभण हातात घुसायचं, शिडाला रक्ताचे ठिपके पडले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते खारट आहे म्हणून समुद्राचंच समजायची सोय होती. मला भावजींचा राग आला होता, बायची कीव येत होती. आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही वाटत होती, कारण मी केवढा मोठा डाव उघडा पाडणार म्हणून निघालो होतो, आणि हाती लागलं होतं ते हे.

चिरेवर मी ताडपत्रीचं ठिगळ लावलं, ट्रकवाल्यांना लावून देतो तसलं, निळं. ते घेऊन शीड वर गेलं. भावजींनी सुकाणू फिरवलं. नाळ हळूहळू वळली, वारा पाठीशी आला, आणि इतका वेळ दणके देणाऱ्या त्याच लाटा आता मागून बोट उचलून पुढं सोडायला लागल्या. आम्ही उगवतीकडे चाललो होतो. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "मंग? वाटला काय, मागारी जावासा?"

भावजी पुढं बघत होते. पुढं अजून काहीच नव्हतं, नुसता करडा पडदा.

"तू व्हतास ना बरोबर," ते म्हणाले. "तुना घरी पोचवाचा व्हता. मंग मना कसा समाजनार?"

रात्र वाऱ्याला धरून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही करंजाला लागलो तेव्हा जेटीवर मासळीचा लिलाव जोरात होता. बाय लिलावाकडे पाठ करून, एका रिकाम्या क्रेटवर बसलेली. माझा फोन लागेना तेव्हापासून ती तिथंच होती असं नंतर कळलं. आम्हाला बघून ती उठली नाही. भावजी उतरले, काळं गाठोडं काखेत धरून तिच्यासमोरून गेले, "दुपारची ड्यूटी हाय" म्हणाले आणि नळावर तोंड धुवायला गेले.

तिनं माझं मनगट पकडलं. "आनलास. आता सांग. कोन हाय ती?"

"कोन नाय."

"खोटा बोलू नको. त्यानं तुना फितवला."

"तुजी शपथ, बाय. कोनपन नाय."

मी काय काय सांगावं ते ठरवून आलो होतो आणि जे सांगायचं नाही तेही ठरवून आलो होतो. पण तिची पकड सुटेना आणि मला खोटं रचता येईना. मी दर्यात ऐकलं ते सगळं सांगून टाकलं. जमीन दिसेनाशी होण्याचं सांगितलं, फाटकाचं सांगितलं, परत यावंसं वाटतंय का ते बघायचं होतं, तेही सांगितलं. मला वाटलं, बाई नाही हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडेल.

बाय ऐकत होती. मागं लिलावाचा गलका चालला होता. कुणीतरी तिला हाक मारली, तिनं वळून बघितलं नाही. माझं मनगट तिनं हळूच सोडलं. नळावर भावजी पाठमोरे उभे राहून मान धूत होते, तिकडं ती बघत राहिली.

"बाई असती तं बरा झाला असता रं," ती म्हणाली. "तिच्या दारात जाऊन झिंज्या उपटल्या असत्या, गाव गोला केला असता. आता मी कुनाच्या दारात जाव?"